मोटार चालू, पण वर्ट हलेना : घरगुती बिअरच्या पंपाचा छडा

घरी बिअर करताना पंप ऐन वेळी थांबला की काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. धान्य गरम पाण्यात पडलेलं असतं, वेळ मोजायला सुरुवात झालेली असते, मोटारीचा आवाजही येत असतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मात्र काहीच पोचत नसतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी याच प्रश्नाच्या मागे होते. आता पंप नीट चालतोय, म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते. शोधत होते तेव्हा मला मराठीत यावर काही सापडलं नव्हतं.

आधी कायद्याचं सांगते. मी राहते कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेल्या कायद्याने घरी बिअर करायला मुभा मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. राज्यांचे आपापले नियम वेगळे. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा तिथल्या वाचकांनी यातली पंपाची माहिती तेवढी घ्यावी.

पंप घेतला तो पाठीसाठी. एका खेपेला मी साधारण १९ लिटर बिअर करते, म्हणजे उकळायच्या भांड्यात पंचवीस-सव्वीस लिटर वर्ट असतं. (वर्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे मॉल्टचा, गोड काढा.) एवढं गरम भांडं उचलून उंचावर ठेवणं मला झेपेना, आणि ते सुरक्षितही नव्हतं. गॅरेजमध्ये तीन भांडी आहेत. एकात गरम पाणी, दुसऱ्यात मॅश, म्हणजे भरडलेलं मॉल्ट आणि पाणी, तिसऱ्यात उकळी. गरम पाण्याच्या भांड्यात स्टीलच्या नळीचं वेटोळं आहे. मॅशमधलं वर्ट त्या वेटोळ्यातून फिरवून पुन्हा मॅशवर सोडायचं, म्हणजे तासभर तापमान ६७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. फिरवायचं काम पंपाचं. पंपाला १६५ डॉलर पडले. सिलिकॉनच्या नळ्या, कॅमलॉकचे (झटकन बसणारे-निघणारे) जोड आणि दोन बॉल व्हॉल्व्ह मिळून आणखी ९० च्या आसपास.

या कामासाठी वापरतात तो पंप चुंबकावर चालतो, आणि त्याची रचना समजली की निम्मी भीती जाते. मोटारीचा दांडा पंख्याला, म्हणजे इंपेलरला, थेट जोडलेला नसतो. मोटार एक चुंबक फिरवते, आणि मधल्या बंद भिंतीपलीकडे इंपेलरमध्ये बसवलेलं दुसरं चुंबक त्याच्या ओढीने फिरतं. दांड्याभोवती सील नाही, त्यामुळे तिथून गळती नाही आणि वर्टला तेल-ग्रीस लागत नाही. पण इंपेलर अडकला तरी मोटार आपली फिरतच राहते, म्हणून नुसत्या आवाजावरून काही कळत नाही. दुसरं म्हणजे हा पंप स्वतःहून द्रव ओढून घेत नाही. आत येणाऱ्या नळीपासून इंपेलरपर्यंत सगळं आधी भरलेलं असावं लागतं, आणि भांड्याची पातळी पंपाच्या वर लागते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पंप लावून पहिल्यांदा बिअर करायला घेतली. दहाएक मिनिटं वर्ट छान फिरलं. मग धार बारीक झाली, मग थांबली. बाहेरच्या नळीत बुडबुडे अडकलेले दिसत होते. पंप बंद केला की बुडबुडे वर सरकायचे, चालू केला की मिनिटभर धार यायची आणि पुन्हा बंद. ऐंशी डॉलरचं मॉल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट वाया जाणार म्हणून पोटात गोळा आला होता. शेवटी पंप बंद ठेवला, मॅशच्या भांड्याला रजई गुंडाळली आणि तास काढला. बिअर झाली, आणि बरी झाली. हे मुद्दाम सांगते, कारण पंप थांबला म्हणून खेप फेकून द्यायची गरज नसते. मॅश दोन-तीन अंशांनी थंड झाला तरी साखर सुटतच राहते.

त्या रात्री आप्पांचा फोन आला. माझे वडील संगमनेर तालुक्यात शेती करतात. माळकरी आहेत, घरात दारूचं नाव नाही, आणि मी काय बनवते हे त्यांना माहीत आहे. त्यावर ते बोलत नाहीत. पण पंप म्हटल्यावर त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला.

“मोटारीनं पाणी सोडलंय,” ते म्हणाले. “आधी सक्शन बघ. डिलिव्हरीकडं नंतर.” (पाणी सोडलं म्हणजे पंपात हवा शिरून धार तुटली. सक्शन म्हणजे पंपाची आत ओढणारी बाजू, डिलिव्हरी म्हणजे बाहेर सोडणारी.)

“आप्पा, पण गळत तर कुठंच नाही.”

“गळणार कसं? सक्शनचा जोड पाणी बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. ढिला जोड कोरडाच दिसतो. एकेका जोडाला ग्रीस लावून बघ, बुडबुडे कुठं थांबतात ते.”

विहिरीवरच्या मोनोब्लॉकमागे त्यांनी उभी हयात घालवलीय. जे मी दिवसभर इंग्रजी माहितीत शोधत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात धान्य न घालता, नुसत्या थंड पाण्यावर तपासणी केली. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पाऊल हेच. पाणी फुकट आहे, भाजत नाही, घाई नाही. मॅशच्या भांड्यात वीस लिटर पाणी भरलं, पंप चालू केला आणि आत येणारी नळी बघत बसले. नळ्या अर्धपारदर्शक घ्या असं सांगतात ते यासाठीच. बुडबुडे पंपाच्या आधीच्या नळीत दिसले तर हवा जोडातून किंवा भांड्यातून येतेय. आधीची नळी स्वच्छ आणि पुढच्या नळीत हवा असेल तर ती पंपाच्या डोक्यात, म्हणजे इंपेलर बसतो त्या कवचात, अडकलेली आहे. माझ्याकडे दोन्ही निघालं.

आधीच्या नळीत अधूनमधून बारीक बुडबुडे होते. बिअरच्या पिंपांच्या रबरी कड्यांना लावतात ते खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस एकेका जोडावर फासत गेले. पंपाच्या तोंडाशी असलेल्या कॅमलॉकवर लावल्याबरोबर बुडबुडे थांबले. आतलं काळं रबरी वॉशर कडक होऊन एका बाजूने चेपलं होतं. सिलिकॉनच्या वॉशरांचं पाकीट आठ डॉलरला आलं आणि सगळे बदलून टाकले. नळीवरच्या स्क्रूच्या पट्ट्याही बघून घ्या. सिलिकॉन मऊ असतं. पट्टी फार आवळली तर ती नळीत रुतते आणि शेजारी फट पडते.

पंपाच्या डोक्यात अडकणाऱ्या हवेचं कारण निराळं होतं. या पंपाचं मधलं तोंड सक्शनचं, कडेचं डिलिव्हरीचं. कारखान्यातून डिलिव्हरीचं तोंड आडवं करून आलं होतं, त्यामुळे डोक्याच्या वरच्या भागात हवेचा कप्पा राहायचा. चार स्क्रू काढून डोकं फिरवलं, डिलिव्हरीचं तोंड सरळ वर केलं आणि हवा आपोआप निघून जायला लागली. खर्च शून्य. स्क्रू आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, आणि डोकं प्लास्टिकचं असेल तर हाताने बसेल तेवढंच. जोर लावला तर आटे जातात.

मार्चच्या मध्यावर दुसरी खेप घेतली. थंड पाण्यावर पंप उत्तम चालला होता, तरी मॅश सुरू केल्यावर पंधराव्या मिनिटाला धार पुन्हा बसली. या वेळी आधीच्या नळीत बुडबुडे नव्हते, नळीच आत चेपली गेली होती. म्हणजे पंप ओढतोय, पण धान्याच्या थरातून वर्ट खालीच उतरत नाहीये. मॉल्ट दुकानातून भरडून घेतलं होतं आणि भरड फार बारीक होती; पिठासारखा भाग फॉल्स बॉटमवर, म्हणजे भोकांच्या खोट्या तळावर, लिंपून बसला होता. व्हॉल्व्ह बंद केला, थर हलक्या हाताने ढवळला, दहा मिनिटं तसाच राहू दिला आणि मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पाव उघडून पंप लावला. फिरायला लागलं.

त्यानंतर दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. मॉल्ट आता थोडं जाडं भरडून मागते. आणि गव्हाचं मॉल्ट किंवा ओट्स असतील तर धान्यात भाताचं तूस मिसळते. हो, आपल्या गिरणीत ढीग पडलेला असतो तेच. इथे ते धुऊन, पाकिटात घालून विकतात. पाच-सहा किलो धान्याला पाव किलो पुरतं. चवीला काही देत नाही, पण थर मोकळा ठेवतं. गव्हाला फोल नसतं, म्हणून त्याचा लगदा होतो. जवाला फोल असतं आणि तेच गाळणीचं काम करतं, हे तेव्हा समजलं.

आणि प्रवाह कमी करायचा तर तो नेहमी पंपाच्या पुढच्या व्हॉल्व्हने. मागचा व्हॉल्व्ह आवळला की पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, आणि गरम द्रवाला तेवढं निमित्त पुरतं. तो तिथेच उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलर वाफेतच फिरत बसतो. खडखड असा, खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो याचाच.

उकळी संपल्यावरची अडचण याच्याच पुढची, आणि तिच्यावर मला सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं. मॅश सुटला, वर्ट तासभर उकळलं, गॅस बंद केला. आता ते पंपाने प्लेट चिलरमधून न्यायचं, म्हणजे ते गार होईल. मी वाचलेल्या कृतींत होतं की वर्ट ९३ अंशांपर्यंत उतरलं की पंप लावा. लावला की खडखड, आणि धार बंद. जोड पक्के, नळ्या भरलेल्या, डोकं स्वच्छ.

उत्तर एका स्थानिक क्लबच्या बैठकीत मिळालं. (अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन १९७८ साली इथल्याच बोल्डर शहरात सुरू झाली; तुम्ही अमेरिकेत कुठेही असा, जवळचा क्लब शोधा. दहा लेखांपेक्षा एक अनुभवी माणूस जास्त उपयोगी पडतो.) तिथल्या एका ज्येष्ठ सभासदाने पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडे पाणी किती अंशांना उकळतं?” डेन्व्हर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटर उंचावर. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रकाठी कृती लिहिणाऱ्याला ९३ अंशांवर सात अंशांची मोकळीक मिळते. मला जेमतेम दोन. त्यात सक्शनची नळी लांब, वाटेत दोन कोपरे आणि एक अरुंद जोड. तेवढ्या अडथळ्याने दाब उतरतो आणि वर्ट पंपाच्या तोंडाशीच उकळतं.

उपाय साधे निघाले. पंप स्टँडच्या मधल्या फळीवरून जमिनीलगतच्या फळीवर आणला, म्हणजे वर्टच्या स्तंभाची उंची वाढली. सक्शनची नळी अर्धीच ठेवली, एक कोपरा काढला. आणि गॅस बंद केल्यावर वर्ट पळीने गोल फिरवून झाकण ठेवायचं आणि ८५ अंशांपर्यंत थांबायचं. माझ्या भांड्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोवर हॉप्सचा गाळही मध्यभागी जमतो आणि पंपाकडे येत नाही. नाशिक-पुण्यापेक्षा उंचावर, डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी दुसरं काही करण्याआधी साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू थर्मामीटरने मोजून भिंतीवर लिहून ठेवावा.

एप्रिलमध्ये एकदा वर्ट उतू गेलं आणि थेंब मोटारीवर पडले. मोटारीच्या अंगाला हवेसाठी फटी असतात. भिंतीवरच्या जीएफसीआय सॉकेटने लगेच वीज तोडली. हे सॉकेट आपल्याकडच्या आरसीसीबीसारखं, विजेची गळती होताच वीज तोडायचं काम करतं. प्लग काढला, मोटार दोन दिवस वाळू दिली, मगच पुन्हा लावली, आणि वर पत्र्याचा छोटा आडोसा बसवला. ओलं काम आणि वीज एकत्र असतात तिथे असं संरक्षण नसेल तर पंप लावूच नका. सॉकेट वारंवार वीज तोडतंय म्हणून दुसऱ्या साध्या सॉकेटवर पंप लावणारे लोक मी पाहिलेत. मला ते बघवत नाही.

एप्रिलच्या अखेरीस पंप खरोखरच बिघडला. थंड पाणी, भरलेली नळी, डिलिव्हरी वर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि तरी नुसती गुणगुण. आता डोकं उघडणं भाग होतं. उघडताना खाली परात ठेवा. आत एक बारीक वॉशर असतं, ते निसटलं की सापडत नाही. ओ-रिंग (गळती थांबवणारं रबरी कडं) कुठल्या बाजूला बसली होती त्याचा फोटो काढा. इंपेलर ओढताना चुंबक हात आत खेचतं, तेव्हा बोटं जपा. बाहेर काढलेला इंपेलर त्याच्या बारीक दांड्यावर बोटाने सहज फिरला पाहिजे.

बरेचदा आत धान्याचं फोल, हॉप्सचा तुकडा किंवा आट्यांवरच्या टेफ्लॉन टेपची शेपटी सापडते. नाहीतर मागच्या खेपेचं वर्ट वाळून इंपेलर दांड्याला चिकटलेला असतो. गरम पाण्यात भिजवला की सुटतो. माझा स्वच्छ होता, पण फिरताना घासत होता. चुंबकावरचं प्लास्टिकचं आवरण एका जागी फुगलं होतं आणि मागच्या भिंतीवर गोल ओरखडा उमटला होता. आवरणाला चीर गेली की गरम द्रव आत शिरतो आणि चुंबक फुगतं. यावर घरी इलाज नाही.

वॉरंटी एक वर्षाची होती. कंपनीच्या अर्जावर खरेदीची पावती, पंपाचा अनुक्रमांक आणि बिघाडाचा व्हिडिओ मागितला होता. अनुक्रमांकाचं लेबल खालच्या बाजूला, वर्टने पुसट झालेलं. पंप घरी आला त्याच दिवशी त्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनी उत्तर आलं : पंप कोरडा चालवला होता का? कोरडा चालवलेला पंप वॉरंटीत बसत नाही. थंड पाण्यावरच्या तपासणीचा व्हिडिओ इथे कामी आला. भरलेली नळी, उघडा व्हॉल्व्ह आणि न येणारी धार एकाच चित्रीकरणात दिसत होती. इंपेलरवरच्या फुगवट्याचे फोटोही सोबत जोडले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परतीचा क्रमांक मिळाला. तो खोक्याच्या बाहेर ठळक लिहायचा, तीस दिवसांत पाठवायचं, मोटार ठेवून घ्यायची, फक्त डोकं आणि इंपेलर पाठवायचे, आणि टपालखर्च आपला. १४ डॉलर लागले. मग शांतता. दहाएक दिवसांनी विचारलं तर “तपासणीच्या रांगेत आहे” एवढंच उत्तर. मी चिडले नाही असं म्हणणार नाही. पण प्रत्येक पत्रात परतीचा क्रमांक विषयाच्या ओळीत टाकत राहिले, त्यामुळे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवं डोकं आणि नवा इंपेलर आला. बदललेल्या भागाची वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात, हे आतल्या कागदावर बारीक अक्षरात होतं.

मधल्या काळात पंपाशिवाय एक खेप केली. रजई, मोठा मग, आणि नवऱ्याच्या मदतीने भांडं न उचलता टप्प्याटप्प्याने ओतणं. वेळ जास्त गेला, पण पंपाची वाट बघत थांबण्यापेक्षा ते बरं वाटलं.

जूनच्या मध्यावर नव्या डोक्यासह खेप घेतली. मॅश तासभर अखंड फिरला, ८५ अंशांवर पंप लावला, चिलरमधून वर्ट न अडखळता उतरलं. आप्पांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, “पंप धुतला का?” धुतला होता. काम संपल्याबरोबर आधी साधं पाणी, मग अल्कलीची पावडर घातलेलं साठ अंशांचं पाणी वीस मिनिटं फिरवायचं, मग पुन्हा साधं पाणी. दर तीन-चार खेपांनी डोकं उघडून बघायचं. आणि बिअरच्या दिवशी सकाळी, धान्य भिजवण्याआधी, पाच मिनिटं थंड पाणी फिरवून घ्यायचं.

काही जण विचारतात की स्वतःहून पाणी ओढणारा पंपच का घेत नाही. छोटे डायफ्रॅम पंप तसे असतात, पण त्यातले बरेचसे उकळत्या वर्टच्या तापमानासाठी बनवलेले नसतात आणि गाळ लागला की त्यांच्या झडपा अडतात. माझं मत चुंबकी पंपाच्याच बाजूने आहे. सुटा इंपेलर आणि ओ-रिंगांचा संच मी ३० डॉलरना घेऊन ठेवलाय. मागवताना नुसता मॉडेल क्रमांक देऊ नका. डोकं प्लास्टिकचं की स्टीलचं आणि पंप कोणत्या वर्षी घेतला हेही कळवा, कारण एकाच मॉडेलचे इंपेलर वेगवेगळ्या मापाचे असू शकतात.